भिंतीतल्या दगडातील ‘सूर्यफूल’ : प्रवाळ, स्पंज की शैवाल?

कॅनडातील विनिपेग येथे राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅनिटोबा प्रांताच्या विधिमंडळाची इमारत पाहायला त्या मुलीसह गेल्या असता तेथील फिकट पिवळसर दगडी भिंतीत त्यांना जेवणाच्या ताटलीएवढी एक गोल नक्षी दिसली. सूर्यफुलाच्या गाभ्यात बियांच्या ओळी जशा दोन्ही बाजूंनी वळत जातात, तशा बारीक चौकटींच्या ओळी त्या नक्षीत होत्या. सोबतच्या माहितगाराने ते ‘सूर्यफूल प्रवाळ’ असल्याचे सांगितले, मुलीच्या शाळेतील पुस्तिकेत त्याच चित्राखाली ‘स्पंज’ असे लिहिलेले होते आणि नंतर एका संग्रहालयातील पाटीवर ‘शैवाल’ असा शब्द आढळला. यांतले खरे कोणते, आणि इतकी वर्षे अभ्यास होऊनही एवढी साधी गोष्ट कशी ठरत नाही, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर देतो. ते प्रवाळ नव्हे, हे खात्रीने सांगता येते. स्पंज की शैवाल, हे मात्र आजही ठरलेले नाही, आणि कदाचित या दोन्हींपैकी काहीच नसेल, ही शक्यताही गंभीरपणे विचारात घ्यावी लागते. या जीवाश्मांच्या गटाला रिसेप्टॅक्युलाइट म्हणतात. आपण पाहिलेल्या दगडात सापडणाऱ्या प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाचे) आजचे नाव फिशराइट्स असे आहे. पाटी लिहिणाऱ्यांपैकी कोणी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही, कारण तिन्ही शब्दांमागे कधी ना कधी जाणत्या अभ्यासकांचे मत उभे होते.

आधी दगडाविषयी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. १९२० साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीचा दगड टिंडल स्टोन या नावाने ओळखला जातो. तो विनिपेगच्या ईशान्येस असलेल्या गार्सन येथील खाणींतून निघतो. हा डोलोमाइट या मॅग्नेशियमयुक्त खनिजाचा अंश असलेला चुनखडक असून तो ऑर्डोव्हिशियन काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी, उथळ आणि उबदार समुद्राच्या तळाशी साचला. तेव्हा उत्तर अमेरिकेचा हा भाग विषुववृत्ताजवळ होता. दगडावर जे गडद, फांद्या फुटल्यासारखे डाग दिसतात, ती त्या तळाच्या चिखलात प्राण्यांनी पोखरलेली बिळे आहेत. बिळांतला गाळ पुढे डोलोमाइटमध्ये बदलला आणि आजूबाजूचा चुनखडक फिकट राहिला. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला असा दगड नवाच वाटतो, कारण आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी बेसाल्ट असतो. घराघरांत बसवलेली शहाबादी फरशी चुनखडकाचीच आहे, पण तो चुनखडक कवचधारी प्राणी अवतरण्यापूर्वीचा असल्याने तिच्यात असे काही सापडत नाही. भारतात या वयाचे जीवाश्मयुक्त चुनखडक पाहायचे असतील, तर हिमालयात, उदाहरणार्थ स्पितीतील पिन खोऱ्यात जावे लागते.

आता नक्षीकडे वळू. रिसेप्टॅक्युलाइटचे शरीर पोकळ गोळ्यासारखे, वाटीसारखे किंवा चपटलेल्या चकतीसारखे होते आणि त्याची भिंत शेकडो एकसारख्या घटकांची बनलेली होती. या घटकाला मेरोम म्हणतात. एका मेरोमची कल्पना करायची तर छत्री डोळ्यांसमोर आणावी. बाहेरच्या टोकाला चौकटच्या आकाराची एक तकटी, तिच्या लगेच खाली चार दिशांना पसरलेल्या चार भुजा, मग आत जाणारा दांडा आणि दांड्याच्या आतल्या टोकाला रुंद झालेला पाया. शेजारशेजारच्या तकट्या एकमेकींना भिडून बाहेरचा पृष्ठभाग तयार होतो आणि पाये मिळून आतला.

या रचनेमुळे एक गंमत घडते, आणि नवशिक्यांची फसगतही होते. दगड ज्या पातळीवर झिजला किंवा करवतीने कापला गेला असेल, त्याप्रमाणे एकच जीवाश्म वेगवेगळी नक्षी दाखवतो. अगदी वरच्या पातळीवर चौकटी दिसतात. त्याखाली थोडेसे गेले की भुजांमुळे फुल्या दिसू लागतात, आणखी आत दांड्यांचे गोल ठिपके दिसतात. दगड जीवाश्माच्या भिंतीला काटकोनात कापलेला असेल तर दोन समांतर रेषांमध्ये उभे केलेले गज दिसतात आणि सूर्यफुलाचा मागमूसही राहत नाही. एकाच जीवाश्माच्या अशा वेगवेगळ्या झिजेच्या नमुन्यांना पूर्वी वेगवेगळी नावे मिळाली असतील, तर त्यात आश्चर्य नाही. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो आहे की, हा जीवाश्म ओळखण्याआधी आपण त्याच्या कोणत्या मजल्यावर उभे आहोत ते ओळखावे.

प्रवाळ का नव्हे, तेही याच रचनेवरून कळते. त्याच टिंडल दगडात खरे प्रवाळही भरपूर आहेत, मधाच्या पोळ्यासारखे आणि साखळीसारखे. प्रवाळाच्या प्रत्येक नळीत एक जीव राहत असे आणि तो वाढत वर सरकला की खाली आडवा पडदा टाकत असे. त्यामुळे उभ्या छेदात त्या नळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. मेरोममध्ये असे पडदे नसतात. शिवाय पोळ्यातील नळ्यांची मांडणी एका केंद्रापासून निघणाऱ्या सर्पिल ओळींत होत नाही. ‘सूर्यफूल प्रवाळ’ हे नाव अमेरिकेत इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिनच्या सीमाभागात, शिसे काढणाऱ्या खाणींच्या प्रदेशात रूढ झाले. तेथील ‘गॅलेना गट’ नावाच्या खडकथरांतील डोलोमाइटमध्ये हे जीवाश्म विपुल आहेत. लोकांनी पाहिले तसे नाव दिले. त्यात चूक नाही, पण ते वर्गीकरण नव्हे.

शास्त्रीय नावाचा इतिहास १८२७ सालापासून सुरू होतो. फ्रेंच निसर्गतज्ज्ञ देफ्रांस यांनी रिसेप्टॅक्युलाइट्स नेप्ट्युनी हे नाव त्या वर्षी दिले. भूशास्त्रज्ञ डेव्हिड डेल ओवेन यांनी १८३९ मध्ये अमेरिकन सरकारसाठी शिशाच्या प्रदेशाची पाहणी केली, आणि त्या भागातील जातीला जेम्स हॉल यांनी १८६१ मध्ये ओवेन यांचेच नाव दिले. ती जात पुढे, १९७९ मध्ये, फिनी आणि निटेकी यांनी फिशराइट्स या नव्या प्रजातीत घातली. मधल्या काळात या गटाला फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांपासून पाइनच्या शंकूपर्यंत अनेक ठिकाणी बसवून पाहिले गेले. त्या सगळ्या मतांची जंत्री देण्यात अर्थ नाही. दोन मते टिकली, आणि त्यांचीच छाननी करायला हवी.

स्पंजाच्या बाजूने सर्वांत नेटकी मांडणी जॉर्ज हिंडे यांनी १८८४ मध्ये केली. काच-स्पंजांच्या सांगाड्यात सहा भुजांच्या कंटिका, म्हणजे काट्यांसारखे बारीक भाग, असतात. हिंडे यांचे म्हणणे असे की, मेरोमची बाहेरची तकटी, चार आडव्या भुजा आणि आत जाणारा दांडा यांची बेरीज सहाच होते, म्हणजे मेरोम ही रूप बदललेली सहा भुजांची कंटिका आहे. युक्तिवाद देखणा आहे आणि तो अनेक दशके मान्य राहिला. पण त्यात मोठ्या अडचणी आहेत. काच-स्पंजांच्या कंटिका सिलिकाच्या असतात, तर रिसेप्टॅक्युलाइटचा सांगाडा चुन्याचा आढळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्पंज हा पाणी गाळून जगणारा प्राणी आहे. त्याच्या भिंतीत पाणी आत येण्यासाठी छिद्रे आणि ते बाहेर टाकण्यासाठी मोठे तोंड लागते. रिसेप्टॅक्युलाइटच्या तकट्या इतक्या घट्ट बसलेल्या असतात की, पाणी नेमके कोठून शिरत असे याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. केवळ भुजांची संख्या जुळली म्हणून नाते जुळत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारडे शैवालाकडे झुकले. केसलिंग आणि ग्रॅहॅम यांनी १९६२ मध्ये या गटातील इस्काडाइट्स ही प्रजाती म्हणजे डॅसिक्लॅड कुळातील हिरवे शैवाल असल्याचे मांडले, आणि त्यानंतर शिकागोच्या फील्ड म्युझियममधील मॅथ्यू निटेकी यांनी हा गट आयुष्यभर अभ्यासला. डॅसिक्लॅड शैवाले आजही उष्ण समुद्रांत आहेत. त्यांचे वैशिष्ट्य विलक्षण आहे. काही सेंटिमीटर उंचीची ती वनस्पती एकाच पेशीची असते. मधोमध एक दांडा, त्याला वलयांत फुटलेल्या उपशाखा, आणि काही प्रजातींत त्या उपशाखांची टोके फुगून एकमेकींना भिडतात व बाहेर षट्कोनी चौकटींचे आवरण तयार होते. रिसेप्टॅक्युलाइटशी साम्य डोळ्यांत भरणारे आहे. सायक्लोक्रिनाइट्स नावाचा आणखी एक गोलाकार जीवाश्म याच काळात सापडतो. त्याचे नाव समुद्रकमळांवरून पडले, पण आज तो डॅसिक्लॅड शैवाल मानला जातो. त्याच्या चौकटी पाहिल्या की रिसेप्टॅक्युलाइटही त्याच घरातला वाटू लागतो.

वाढीचा पुरावाही त्याच दिशेने बोलतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. रिसेप्टॅक्युलाइटची सुरुवात एका केंद्रापासून, बहुधा आठ मेरोमच्या वलयाने होते, आणि नवे घटक वाढत्या टोकाला जोडले जातात. घेर वाढत गेला की जुन्या ओळी तेवढी जागा भरून काढू शकत नाहीत, म्हणून मध्येच नव्या ओळी घुसवाव्या लागतात, आणि जेथे नवी ओळ सुरू होते तेथे नक्षीची सुसूत्रता बिघडते. स्टीफन जे गूल्ड आणि मायकेल कॅट्झ यांनी १९७५ मध्ये नेमका या बिघाडाचाच अभ्यास केला. सर्पिलांचे सौंदर्य सर्वांनाच दिसते. पण जीव कसा वाढला हे त्या सौंदर्यातल्या खोडांवरून कळते. आपण पुन्हा तेथे जाल तेव्हा मुलीला एखादी ओळ बोटाने धरून बाहेरून केंद्राकडे जायला सांगा. काही ओळी केंद्रापर्यंत न पोहोचता मध्येच संपतील. त्या जागी नवी ओळ जन्मली होती.

असे असूनही मी ‘शैवाल’ असा निर्वाळा देत नाही. डॅसिक्लॅड शैवालात चुना पेशीच्या बाहेर, उपशाखांच्या भोवती साठतो. शैवाल मेले की उपशाखेच्या जागी पोकळ नळी उरते. रिसेप्टॅक्युलाइटमध्ये मात्र नेमकी उपशाखेची जागा, म्हणजे मेरोम, भरीव असतो. शैवालवाद्यांचे उत्तर असे की, ती पोकळी नंतर खनिजाने भरली. ते अशक्य नाही, पण तसे झाले असेल तर त्याची खूण राहायला हवी. पोकळी भरताना स्फटिक कडेकडून मध्याकडे वाढतात, आणि अनेकदा तळाशी थोडा चिखल व वर स्वच्छ कॅल्साइट (चुनखडकाचे मुख्य खनिज) अशी अर्धीअर्धी भरण होते. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेदात हे शोधावे लागते. दुर्दैवाने बहुतेक नमुन्यांत मूळ सांगाडा पुन्हा स्फटिकीभूत झालेला असतो, आणि डोलोमाइटमध्ये तर तो विरघळून केवळ साचा उरतो. मी स्वतः तासन्‌तास असे छेद पाहिले आहेत. भरड कॅल्साइटचे मोठे दाणे दिसतात आणि ते कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाहीत. याशिवाय मधला मुख्य दांडा, जो डॅसिक्लॅडमध्ये असायलाच हवा, तो या जीवाश्मांत जपला गेलेला दिसत नाही. आकाराचाही प्रश्न आहे. फिशराइट्सच्या मोठ्या चकत्या पाहिल्या की, एवढी एकच पेशी असेल का, अशी शंका येते. ही शंका म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणतो.

निटेकी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही हा विषय ‘वाद’ म्हणूनच मांडला आहे. ज्या माणसाने शैवालाचा पक्ष इतकी वर्षे लढवला, त्याने प्रश्न खुला ठेवावा, याबद्दल मला फार आदर वाटतो. दुसरीकडे, दक्षिण चीनमधील ऑर्डोव्हिशियन काळातील सागरी भित्तींत (रीफमध्ये) सापडणारा कॅलेथियम हा दुहेरी भिंतीचा पेला, जो अनेकदा याच गटात धरला जात असे, त्याकडे अलीकडच्या अभ्यासकांनी चुन्याचा जाड सांगाडा असलेला स्पंज म्हणून पाहिले आहे. म्हणजे ‘रिसेप्टॅक्युलाइट’ या एका पोत्यात मुळात एकाहून अधिक प्रकारचे जीव भरले गेले असावेत, असा संशय घ्यायला जागा आहे. तसे असेल तर ‘स्पंज की शैवाल’ हा प्रश्नच चुकीच्या पद्धतीने विचारला जात होता.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग : इतकी वर्षे का लागतात? असे कोडे सुटते ते सहसा दोन वाटांनी. पहिली वाट म्हणजे जिवंत नातेवाईक सापडणे. ऑर्डोव्हिशियनच्या आधीच्या कँब्रियन काळातील चुनखडकांतले आर्किओसायाथ हे छिद्रयुक्त दुहेरी भिंतीचे पेले शंभर वर्षांहून अधिक काळ कोणत्याच संघात, म्हणजे जीवसृष्टीच्या मुख्य विभागात, नीट बसत नव्हते. हार्टमन आणि गोरो यांनी १९७० मध्ये जमैकाच्या समुद्रातील चुन्याचा भरीव सांगाडा करणाऱ्या जिवंत स्पंजांचे वर्णन केले, आणि स्पंज असेही असू शकतात हे डोळ्यांनी दिसल्यावर आर्किओसायाथ आणि स्ट्रोमॅटोपोरॉइड (चुन्याच्या थरांचा सांगाडा असलेले जीवाश्म) या दोघांचीही जागा स्पंजांत नक्की होत गेली. दुसरी वाट म्हणजे मऊ शरीर जपलेला नमुना मिळणे. कोनोडोंट म्हणजे चुनखडक आम्लात विरघळवून मिळणारे सूक्ष्म दातांसारखे अवशेष. पांडर यांनी १८५६ मध्ये त्यांचे वर्णन केले, पण ते दात कोणाचे हे स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या पूर्ण प्राण्याच्या ठशामुळे १९८३ मध्ये कळले. हायोलिथ या शंकूच्या आकाराच्या कवचांच्या बाबतीत कॅनडातील बर्जेस शेल या खडकातील मऊ अवयवांचे नमुने २०१७ मध्ये पुढे आले. त्यांनी चर्चा खूप पुढे नेली, तरी त्यावरही सर्वांचे एकमत झालेले नाही.

या दोन्ही नमुन्यांतील मऊ भाग बारीक दाण्यांच्या चिखलात जपले गेले होते, हे लक्षात घ्यावे. स्वच्छ, खेळत्या पाण्याच्या उथळ समुद्रात साचलेला चुनखडक कठीण भाग उत्तम जपतो, पण तेथे प्राणवायू भरपूर असल्याने आणि तळ सतत पोखरला जात असल्याने मऊ पेशी टिकत नाहीत. टिंडल दगडातली ती सुंदर बिळे हाच त्याचा पुरावा. रिसेप्टॅक्युलाइटांना नेमके असेच समुद्र मानवत होते. ऑर्डोव्हिशियनच्या बऱ्याच नंतर आलेल्या डेव्होनियन काळानंतर ते जवळजवळ दिसेनासे होतात आणि त्यांचा जिवंत वारस माहीत नाही. म्हणजे दोन्ही वाटा सध्या बंद आहेत.

तिसरी एक वाट आहे, आणि ती आम्हा जीवाश्म-अभ्यासकांच्याच हलगर्जीपणामुळे अरुंद झाली आहे. जीव केंद्राची बाजू खाली टेकवून वर वाढत होता की उलट, हे कळले तर वाढीचा आणि पोषणाचा अर्थ लावता येईल. पण त्यासाठी नमुना खडकातून काढण्यापूर्वी त्यावर वरची दिशा दाखवणारा बाण काढून ठेवावा लागतो. माझ्या पाहण्यात आलेल्या जुन्या संग्रहांतील बहुसंख्य नमुन्यांवर असा बाण नाही. चकती देखणी आहे, कपाटात मांडलेली आहे, आणि तिच्यातली सर्वांत मोलाची माहिती खाणीतच राहिली आहे. इमारतीच्या भिंतीत बसवलेल्या दगडाचीही हीच अडचण, कारण गवंड्याने तो कोणत्या बाजूने बसवला हे आपल्याला माहीत नसते. खाणीच्या तोंडावर, थर जागच्या जागी असताना, पन्नास चकत्यांची दिशा कोणी नीट नोंदवली तर ते काम एखाद्या महागड्या यंत्राच्या तोडीचे ठरेल.

वर्गीकरणातील स्थान अनिश्चित आहे म्हणून हा जीवाश्म निरुपयोगी ठरत नाही, हेही सांगायला हवे. गॅलेना गटात रिसेप्टॅक्युलाइट विपुल असलेले खालचा, मधला आणि वरचा असे तीन पट्टे भूशास्त्रज्ञ ओळखतात आणि एका खाणीतील थर दुसरीकडच्या थराशी जुळवताना त्यांचा आधार घेतात. जीव कोणत्या संघातला हे ठाऊक नसतानाही तो कोणत्या थरात येतो हे पक्के ठाऊक असू शकते.

आपल्या मुलीला शाळेसाठी तक्ता करायचा आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते चित्राखाली तिने असे लिहावे : ‘फिशराइट्स, रिसेप्टॅक्युलाइट गट, ऑर्डोव्हिशियन काळ, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी, वर्गीकरणातील स्थान अनिश्चित.’ शिक्षकांनी शेवटच्या शब्दांवर खूण केली, तर तिने मेरोमच्या चार भुजा आणि भरीव दांडा दाखवून दोन्ही पक्षांची अडचण समजावून सांगावी. छायाचित्र घेताना विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे चौकटींच्या कडांची सावली पडून नक्षी उठून दिसते, आणि शेजारी मापासाठी एक नाणे धरावे. दगडावर पाण्याचा ओला हात फिरवला तरी रंगातला फरक स्पष्ट होतो. आम्ल, खिळा किंवा चाकू मात्र त्या भिंतीजवळ नेऊ नये. आणि जवळपासच्या कोपऱ्यावर, जेथे एकाच दगडाच्या दोन बाजू दिसतात, तेथे एखादी चकती कापली गेलेली आहे का ते अवश्य पाहावे. एका बाजूला चौकटी आणि लगतच्या बाजूला उभे गज, अशी जोडी सापडली तर तिचे छायाचित्र मला जरूर पाठवावे.